‘जेवलीस’मधला स

मिरजेच्या दवाखान्यात खिडकीआडची बाई विचारते,
पेशंट तुमची कोण?
मी म्हणतो, काकी.

मी बाईच आहे.
आमच्या भागात पोरीसुद्धा येतो, जातो, म्हणतो.
पुण्यात सासरी सव्वीस वर्षं ‘येते जाते’ केलं,
पण मिरज स्टेशन आलं
की क्रियापद आपोआप धोतर नेसतं.

खिडकी म्हणते, चुलतीसाठी तुमची सही चालणार नाही,
रक्ताचं माणूस आणा.

आता हिला सावळजचं घर कसं सांगायचं?
एका चुलीवर चौदा ताटं,
थोरल्या चुलत्याची पोरं आमच्याआधी जन्मली,
ती तिला काकी म्हणायची,
त्यांचे सदरे उतरून आमच्या अंगावर आले
तशी हाकही आली,
कोपरावर विरलेली.
कुणी दुरुस्त केली नाही. तिनंही.

फक्त त्यांची काकी ‘तुमी’ होती.
‘काकी, तुमी जेवला?’
आणि आमची,
‘काकी, जेवलीस?’
एवढाच फरक. शेवटचा एक स.
काय रक्त असेल ते तिथं होतं.
त्याला फॉर्मात रकाना नाही.

आण्णा तिला ‘आगं ए’ म्हणायचे,
ती त्यांना ‘अवो’.
एक्केचाळीस वर्षांचा संसार दोन अव्ययांवर.
अनुसया हे तिचं नाव मी पहिल्यांदा
रेशनकार्डावर वाचलं, आणि विचारलं,
ही कोण?

आण्णा गेले तेव्हा ते ‘अवो’ रिकामं झालं.
कुठं ठेवावं तिला कळेना.
महिनाभर म्हशीला म्हणायची,
अवो, सरका की जरा.
म्हैस सरकायची.
आम्ही हसायचो, मग हसायचो नाही.

‘बाई, नातं सांगा. मागं रांग आहे.’

आई, म्हणालो.
पहिलीच्या पुस्तकातला शब्द,
त्यातली आई गोऱ्या पायांची, दारात रांगोळी काढणारी.
माझ्या तोंडात तो उष्ट्या चमच्यासारखा
दुसऱ्याचा लागला.
खिडकीनं रकान्यात लिहिलं: मुलगी.
शिक्का मारला.

वॉर्डात तिच्या बांगड्या काढून
रुमालात बांधून दिल्या माझ्याकडं.
दोन निघाल्या नव्हत्या, त्यांना चिकटपट्टी.
स्ट्रेचर हललं आणि मी,
ताजा शिक्का अजून ओला म्हणून असेल,
वाकून म्हणालो, आई.

ती वळली नाही.
शेजारच्या कॉटवरची अथणीची म्हातारी वळली.
तिच्या कानडीत आयी म्हणजे आजी,
तिला वाटलं, नात आली.
‘बा,’ म्हणाली, आणि कॉटवर जागा केली.

मग मी नेहमीच्या आवाजात, जरा दरडावूनच,
ए काकी.

डोळे उघडले.
‘पदमे? कवा आलीस?’
आत्ताच आलो.
‘जेवलीस?’

न्हाई, म्हणालो.
ती कपाळाला आठ्या घालून काहीतरी बोलणार,
तोवर वॉर्डबॉयनं चाक वळवलं.
‘मावशी, हात आत घ्या,’ म्हणाला तो.
तिनं घेतला.
त्याचीही ती कुणीतरी झाली होती.

अथणीच्या कॉटवर जागा अजून तशीच होती.
मी बसलो.