अडीच

आखाडात साडी कोण घेतंय.
मालकानं सहातले चार माग बंद ठेवले
आणि म्हणाला, दुपारनंतर घरी जा की.
म्हणून गुरुवारी वडगावच्या गल्लीतून
कित्येक दिवसांनी उजेडात चालत आलो.
कानात खटखट होतीच.
माग थांबला तरी ती लगेच थांबत नाही.

सारिकानं कॅलेंडरवर बोट ठेवलं.
सोळा जानेवारीला रेणू दोन वर्षांची झाली
तेव्हा मी रात्रपाळीला.
पहाटे येऊन तिच्या उशाशी
कागदात गुंडाळलेला कुंद्याचा तुकडा ठेवला होता,
उठेपर्यंत त्याला मुंग्या.
तेव्हा सारिका काही बोलली नव्हती.
आता म्हणाली,
आज सोळा जुलै. करूया की.

अर्ध्या वर्षाचा वाढदिवस कोण करतं गे?
तर म्हणाली, अडीचला नाव आहे आपल्यात.
पुढं सगळ्यांना साडे लावावं लागतं,
साडेतीन, साडेचार,
उसनी चप्पल घालून आल्यासारखे.
दीड आणि अडीच तेवढे स्वतःच्या पायावर.
दीड तर आपण चुकवलाच.

बेकरीत शिवलिंगय्या हसला,
अर्ध हुट्टुहब्ब?
सुरी गरम पाण्यात बुडवली,
अननसाचा केक मधोमध कापला
आणि उरलेला अर्धा काचेत परत ठेवला,
कापलेली बाजू भिंतीकडं करून.
नाव मी मराठीत सांगितलं,
त्यानं कानडीत लिहिलं, लाल जेलीत.
जागा पुरेना, णु घसरून कडेला गेला.

सारिका चंदगडची, तिला ती अक्षरं लागत नाहीत.
बरोबर लिहिलंय न्हवं?
बरोबर आहे, म्हटलं,
फक्त उतारावर आहे.

मेणबत्त्या दोन अख्ख्या.
तिसरी मी दातानं तोडली,
मेण खरवडून वात मोकळी केली.
पेटवल्यावर बघितलं,
तिन्ही ज्योती एवढ्याच्या एवढ्या.
रेणूनं बुटकी आधी विझवली.
तिच्या तोंडाला तीच जवळ होती.
मग उरलेल्या दोन पुन्हा पेटवा म्हणून रडली,
विझलेल्या नव्हत्या तरी.

शेजारच्या गंगव्वा वाटीभर हुग्गी घेऊन आल्या,
मला झाकण द्या परत, म्हणाल्या, वाटी ठेवा.
रेणूला मांडीत घेऊन शिकवायला लागल्या
वय कसं दाखवायचं.
दोन बोटं ताठ,
तिसरं मधल्या पेरात मुडपलेलं.
एरडूवरे. म्हण, एरडूवरे.
रेणूचं तिसरं बोट वाकलं
की बाकीची चारही त्याच्यामागं जायची,
आणि मूठ व्हायची.
मूठ उघडून बघायची, अडीच आत आहे का.

कोपऱ्यात अप्पा.
सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही.
पण अडीच कानावर पडलं आणि सुरू झाले,
एक अडीच अडीच,
दोन अडीच पाच,
तीन अडीच साडेसात,
डोळे मिटून, मान हलवत,
कोणत्या मास्तरांसमोर उभे होते कोण जाणे.
दहा अडीच पंचवीसला थांबले.
रेणूकडं बघितलं.
एवढ्यात एवढी मोठी? म्हणाले.
कुणी काही बोललं नाही.
सारिकानं त्यांच्या हातात बशी दिली,
क्रीम बाजूला काढून.

रात्री लाईट गेली.
उरलेली मेणबत्ती शोधली
तर ती रेणूच्या मुठीत, झोपेत.
काढून घेतली नाही.
अंधारातच ताटं घासली दोघांनी,
तिनं घासली, मी विसळली,
आणि ती मध्येच म्हणाली,
साडेतीनचं नंतर बघू.

शुक्रवारी सहाला मागावर.
आठाच्या सुमारास ताण्यातला धागा तुटला.
वाकून गाठ मारताना हाताकडं लक्ष गेलं.
नखात पिवळं क्रीम,
दोन बोटं ताठ,
तिसरं अर्धं मुडपलेलं.
वीस वर्षं गाठी मारतोय,
बोटं तशीच धरत असणार.

पलीकडून कल्लाप्पा ओरडला,
काय रे, एकटाच काय हसूलालास?
माग चालू होता.
मी हात वर करून दाखवला.
त्याला वाटलं, अडीच मिनिटं थांब म्हणतोय.
थांबला बिचारा.