कडता

जानेवारीत मेलबर्नला ऊन तापतं
तेव्हा आमच्या शुक्रवार पेठेत झुंजुमुंजु असतं.
मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून मी बघते
कोर्ट नंबर सोळा. एकच कॅमेरा, समालोचक नाही,
फक्त बुटांची कुंईकुंई आणि चेंडूचा ठप्प.
डोरिना केलेमेन, हंगेरी. क्रमांक एकाहत्तर.

बाबांनी निवडलेली ही.
"पयल्या धा जणींना सगळं जग वळखतंय.
हिच्याकडं कोण बघतंय?"
चौतीस वर्षं केएमटीत कंडक्टर,
शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहणाऱ्यांवर त्यांचा जीव.
त्याआधी, दहा-अकरा वर्षांचे असताना,
जिमखान्यावर साहेबलोकांचे चेंडू वेचायचे,
दिवसाला आठ आणे.
डोरिनाचं त्यांनी दोरी केलं.
तिसरा सेट लागला की म्हणायचे,
"तुटंना की गं दोरी!"

मी मार्केट यार्डात, गुळाच्या अडतीवर, लिहायला.
रवे उतरतात, सौदा होतो, एक नंबर, दोन नंबर,
काल चार हजारांनी गेलेला माल
आज छत्तीसशेला कोणी हुंगत नाही,
आणि वर वजनातून कडता.
त्यामुळे क्रमवारी समजायला मला जड गेली नाही.
जुन्या वेबिलाच्या कोऱ्या पाठीवर बाबांनी आकडे मांडले:
मिळवलेले गुण बावन्न आठवडेच तुझे.
पुढच्या साली तोच आठवडा आला
की तेवढे कापून घेणार.
"म्हंजे पास हाय गं ह्यो. मुदत संपली की नवा काढायचा."

गेल्या साली पॅरिसला तिनं चौथी फेरी गाठली.
सीपीआरच्या वॉर्डात, नळी लावलेल्या हातानं
मोबाइल धरून त्यांनी ती पाहिली.
शेजारच्या खाटेवरचे शिरोळचे पाहुणे म्हणाले,
"तालमीची माती दिसतीया."
"न्हाई वो, विटंची भुकटी हाय ती."
एवढं बोलून दम लागला.
त्या सोमवारी ती अठ्ठावन्नावर आली.
यादी दुपारी लागली.
बाबा सकाळीच गेले होते.

यंदा तिथी अकरा दिवस आधी आली.
पंचगंगेवर संग्रामदा गुरुजींच्या मागं नावं म्हणत होता,
माझ्या पर्समध्ये फोन थरथरला.
सहा-चार, सहा-एक. पहिली फेरी.
गेल्या सालचे दोनशे चाळीस वजा, यंदाचे दहा जमा.
मला हिशेब तोंडी येत होता, याचीच लाज वाटली.
गुरुजी म्हणाले, पाणी सोडा.
सोडलं.

एकशे नऊ.

जुलैत लंडन. राजाराम बंधाऱ्याची पातळी
आणि तिचा क्रमांक मी एकाच पानावर मांडत गेले,
दोन्ही चढले की वाईट.
बंधारा एकोणचाळीस फुटांवर थांबला.
ती थांबली नाही.
ऑगस्टअखेर न्यूयॉर्कला तिला दारातच
पात्रता फेरी खेळावी लागली,
आपल्याकडं मध्यरात्र, वीज गेलेली,
बॅटरी नऊ टक्के, पाच-सहा, तीस-चाळीस,
आणि तिनं टाकलेली दुसरी सर्व्हिस
मला अजून दिसलेली नाही.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं, लेथ गप्प.
यार्डात आप्पासो तोलार काटा पुसत विचारतो,
"ताई, तुमची बाई कितवी?"
मी म्हणते, एकशे सदतीस.
"असू द्या की," तो म्हणतो, "पुढच्या पेठंला दर सुधरंल."
त्याला टेनिस माहीत नाही.
बाबांच्या वेळी पण तो एवढंच विचारायचा.

पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा झाला,
त्याच आठवड्यात कुठल्याशा गावी, बंदिस्त हॉलमध्ये,
रिकाम्या खुर्च्यांपुढं, तिनं एक छोटी स्पर्धा जिंकली.
करंडक काचेच्या वाडग्याएवढा.
हात वर केले नाहीत,
स्वतःच्याच पिशवीत चेंडू कोंबत बसली.
मी आले घातलेला चहा उतू घालवला.

वेबिलाची सतरा पानं उरली आहेत.
एका पानाच्या पाठीवर चार सोमवार बसतात,
बारीक लिहिलं तर पाच.
मी बारीक लिहिते.