हिरवं

नवतप्याचा तिसरा दिवस. दुपारी दोन अकराला
प्रतापनगरचा फीडर उडाला
आणि कूलरचे पंखे एकामागून एक
सुस्कारा टाकून थांबले.
चौथ्या मिनिटाला
अर्ध्या नागपूरला एकदम बर्फ हवा झाला.

हे होणार, मला ठाऊक होतं.
मार्चपासून मी याच दुपारची तालीम करत होते.
रात्री दीडला खोटी गिऱ्हाइकं सोडायची, हजारोंनी,
नसलेल्या बोटांनी नसलेलं दही मागवायचं
आणि बघत बसायचं, कुठे कोसळतं.
आधी डेटाबेस कोसळला. मग पेमेंट. मग मी.
निनाद म्हणाला, एवढं कशाला, आपण काही मुंबईचे नाही.
मी म्हटलं, मुंबईला नवतपा नसतो.

आज सर्व्हर एकाचे चार झाले, चाराचे अकरा,
पंगत वाढली की न सांगता वाढपी उठावेत तसे.
अर्धा भार कॅशने परस्पर पेलला.
केळ्यांचे फोटो मी उतरवले, शिफारशी बंद केल्या
(तापलेल्या माणसाला 'हेही आवडेल' म्हणू नये).
मागणी अठरा पट. आलेख ताडासारखा उभा,
आणि त्याच्या बुडाशी सगळं हिरवं.
भिंतीवरच्या पडद्यावर हिरवं, हिरवं, हिरवं.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
कुणी म्हणालं, तर्री-पोहे मागवू,
आणि मग स्वतःच गप्प झालं.

तेव्हा तो आकडा दिसला, ज्याला मी रंगच दिला नव्हता.
थांबलेल्या ऑर्डरी: दोन हजार तीनशे सात.
रस्त्यावरची माणसं: एकसष्ट.

एकसष्टाचे बासष्ट होईनात.

हेडाऊला फोन लावला.
"छत्रपती चौकात हावो मॅडम. जायीखाली."
कसली जाळी?
"सिग्नलवर बांधते ना उन्हाळ्यात, हिरवी. अठरा झन हावो अठी.
सीट पोयते गाडीची.
फोन म्हनते, मी लय गरम झालो, बंद होतो.
तुमचं ॲप म्हनते, सात मिनिटं."
मग जरा थांबून,
"बर्फाचं पानी झालं मॅडम. मंगरूनं पेलं."

खिडकीतून वर्धा रोड दिसतो.
दुपारचे सिग्नल बंद होते.
या दिवसांत ते बंदच ठेवतात,
कुणाला उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून.
एवढी अक्कल चौकातल्या खांबाला आहे,
तापलेल्या फोनलासुद्धा आहे.
आणि मी तीन महिने खपून असं यंत्र घडवलं
जे कुणालाच कधी नाही म्हणत नाही.

दोन एक्केचाळीसला बारा ओळी लिहिल्या.
चाचणी नाही, कुणाची परवानगी नाही.
एका माणसामागे दोनच ऑर्डरी,
बाकीच्यांना 'सात मिनिटं' खोडून 'साडेपाचनंतर'.
कारणाच्या चौकटीत आधी 'तांत्रिक अडचण' लिहिलं.
ते पुसलं.
लिहिलं: बाहेर सत्तेचाळीस आहे, आणि सामान माणूस आणतो.

निनादचा फोन वाजत राहिला, टेबलावर सरकत सरकत
कडेपर्यंत गेला.
आलेख उतरू लागला.
त्रिमूर्तीनगरातून कुणी विचारलं, मग ॲप कायले ठेवलं?
कुणी ॲपच काढून टाकलं. एकशे बारा जणांनी, नेमकं सांगायचं तर.
आणि खामल्याहून एका बाईनं, अर्धा किलो बर्फाच्या ऑर्डरीत,
पत्त्याच्या खाली लिहिलं होतं:
फाटकाच्या आत माठ आहे, पोरांना सांगा, बेल वाजवू नका.

हे ठेवायला आमच्या टेबलात रकाना नव्हता.
वीज चारला आली.
रात्री मी तो रकाना वाढवला,
आणि नाव काय द्यावं, ते सुचेना
म्हणून बराच वेळ कर्सर लुकलुकत बसला.