चार नंबरचा खड्डा

रात्रीचे सव्वादोन.
साखर पेठेच्या बोळात, कमरेइतक्या खड्ड्यात मी,
मांडीवर जोडणीचं मशीन,
दोन बोटांत केसाएवढी काच.

दुपारी हे होत नाही. दुपारी चव्वेचाळीस,
मशीनच तापून बंद पडतं.
शिवाय दुपारी होटगीकर सर खुर्ची टाकून बसतात
खड्ड्याच्या काठावर, चिमण्यांचा हिशेब मांडत.
त्यांच्या गच्चीचं भाडं आम्ही अकरा हजार बोललो होतो.
ते म्हणाले, पंधरा द्या, मग चिमण्यांचं बघू.

जुना टॉवर लांबून ओरडायचा, भिंतीपलीकडे ऐकू जायचं.
हा नवा भरभर बोलतो, हळू बोलतो,
आणि फक्त जवळच्याशी.
मधे भिंत आली, लिंबाचं झाड आलं,
कुणाची ओली चादर आली वाळत घातलेली,
संपलं.
म्हणून दर दोनशे पावलांवर एक डबा,
डब्याला खांब, खांबाला वीज,
विजेला मीटर, मीटरला सही,
आणि सहीचे साहेब ट्रेनिंगला, पुण्यात.

लोकांना वाटतं हे सगळं हवेतलं काम.
मी तीन महिने मातीत आहे.

एक ते तीन खड्डे सरळ गेले.
चार नंबर तिसऱ्यांदा उघडलाय.
पहिल्यांदा ड्रेनेजवाल्यांनी तोडली.
दुसऱ्यांदा पाइपलाइनचा जेसीबी;
चालवणारा पोरगा खाली उतरून म्हणाला,
"केबल होती व्हय बे? मला वाटलं मूळ हाय कशाचं."
बिराजदार ठेकेदार फोनवर अर्धा तास बोलले,
त्याला नाही, मला.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी,
करडा, पांढरा, लाल, काळा,
पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी.
हाच क्रम. एक रंग चुकला
की अख्खी गल्ली मुकी.

नान्ना चाळीस वर्षं जॅकार्डवर होता.
तुटलेलं सूत जिभेला लावून
न बघता गाठ मारायचा.
एकदा त्यानं विचारलं, ओरडून,
कारण कान मागानंच नेले:
"तुझ्या सुताला गाठ बसते का रे?"
गाठ नाही, वितळवून चिकटवतात.
"मग कुठं तुटलं होतं ते कळत नसंल."
कळतं. मशीन आकडा दाखवतं.
प्रत्येक जोडाला थोडं हरवतंच.
तो हसला. हे त्याला पटलं.

काळ्यावर आलो, तो अंधारात सापडत नाही,
आणि नेमका टॉर्च गेला.
वर राजम्मा येमूल. हातात घागर,
कमरेला खोचलेला बटणाचा फोन.
"काय करलालास रे? पाणी सोडलालेत का?"
चार दिवसांनी पाळी, अडीचची.
खड्ड्यात दिसेल तो माणूस
या गल्लीला पाणीवालाच वाटतो.
नाही अम्मा, नेटचं आहे. फाइव्ह जी.
"ते आलं की रोज येतंय का पाणी?"
काय सांगू? पिक्चर लवकर उतरतो म्हणू?

तिनं फोनचा दिवा लावला,
काठावर उकिडवी बसली,
बोटांना विडीच्या पानांचा वास.
काळा लागला. पिवळा लागला.
जांभळ्याला काचेचा कण शिरला बोटात.
दिसत नाही तो, आठवडाभर सलतो.
"दाबू नको," ती म्हणाली, "आत जातंय आणखी."

मग नळ खाकरला.
बोळातली सगळी दारं एकदम उघडली,
घागरी, बादल्या, एक पिंप घरंगळत.
राजम्मा उठली. "फोन असू दे तुझ्याकडं, सकाळी दे.
पोरगी हैदराबादला रातपाळीला असती,
ह्याच वेळंला करती.
सांग, आई पाणी भरलालीय."

गुलाबी लागला. आकाशी उरला.
खड्ड्याच्या भिंतीतून, जुन्या पाइपाच्या जोडातून
पाणी पाझरायला लागलं, आधी घोट्याला,
मग पोटऱ्यांना गार.
मशीन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिलो
आणि दातांत धरलेला फोन
वाजायला लागला.