थेंब बाहेर नाही

शैलजाबाई नेहेते म्हणाल्या,
निंभोऱ्याच्या फाटकात थांबले की
पेडल हळूहळू खाली जातं भाऊ,
तापीच्या गाळात पाय रुतावा तसं.
मालगाडी लांब असली
तर पार तळापर्यंत.

याआधी दोन गॅरेज झाली होती.
एकाने लायनर बदलले, दुसऱ्याने हवा काढली,
दोघांनी सांगितलं, बाई, तुमचा पाय कच्चा.
आणि मीही, बॉनेट उघडायच्या आधी,
विचारलंच: दाबता ना नीट?

फैजपूरचा मे. पत्र्याला हात लावला की चटका.
नेहेते सर निंबाखाली स्टुलावर,
डोळ्याला मोतीबिंदूची हिरवी पट्टी.
चारी चाकं पाहिली, कोरडी.
पाइप बोटाने चाचपत मागपर्यंत गेलो, कोरडे.
बाटलीत तेल खुणेला टेकलेलं,
फक्त रंग कळकट, कोऱ्या चहासारखा.

दाबून धरा, म्हटलं, सोडू नका.
त्यांनी धरलं. चप्पल काढून, अनवाणी.
मी वाकून त्यांच्या टाचेकडे पाहत राहिलो
आणि टाच गेली.
घाई न करता,
भिंतीवरचं ऊन सरकतं तशी गेली.

मग सिलेंडरची तोंडं बोल्ट घालून बंद केली.
आता तेलाला जायला वाट नाही.
आता पेडल दगड व्हायला हवं.
दाबा.
दाबलं.
जातंय, त्या म्हणाल्या.

खोलला तेव्हा आतलं रबर निघालं,
करंगळीच्या नखाएवढी कड झिजलेली.
दाब आला की तेल त्या कडेवरून
पुढून मागे, आपल्याच घरात, परत.
थेंब बाहेर नाही.
म्हणून कोणाला दिसलं नाही.

सर निंबाखालून ओरडले, काय निघालं भो?
मी म्हटलं, रबर.
शैलजाबाई काही बोलल्या नाहीत.
हात पुढे केला.
मी पुसून दिलं. त्यांनी उलटसुलट पाहिलं,
रुमालाच्या टोकात बांधलं,
गाठ दोनदा ओढली.

नवा सिलेंडर भुसावळहून पाचच्या एसटीने आला.
हवा काढताना पेडल त्यांनीच मारलं,
धरा, सोडा, धरा,
नळीतले बुडबुडे संपेस्तोवर.
शेवटी पेडल वरच थांबलं.
त्या मात्र पाय काढेनात.
मी म्हटलं, झालं ताई.
थांबा, म्हणाल्या,
मालगाडी जाऊ द्या.