सज्ज्याच्या पोटाला

वलेन्सियाच्या एल कार्मेन मोहल्ल्यात
एकूण किती सज्जे आहेत, मला विचारा.
मी काढलेत ते. परसोडीच्या आयटी पार्कात,
दुपारी दीड ते रात्री साडेदहा,
कठड्याचा एकेक लोखंडी वेढा माउसच्या टोकानं वळवत.
स्पेनला गेले नाही कधी. पासपोर्टही नाही.
पण कुठल्या कमानीचा मधला दगड निखळलाय
ते ठाऊक आहे, घरातला कुठला नळ ठिबकतो तसं.
अम्पारो तिकडून फोटो पाठवते.
कोपऱ्यात तिचा अंगठा हमखास.

तिथल्या सज्ज्यांच्या पोटाला फरश्या असतात,
निळ्या, पिवळ्या, फुलांच्या.
वर उभ्या माणसाला दिसतच नाहीत.
खालून जाणाऱ्यासाठी कुणीतरी एवढा खर्च केला,
यानं मला दोन रात्री झोप नाही.

मार्चात तिनं लिहिलं, उद्यापासून सुटी.
चौकाचौकांत बाहुले उभे केलेत, दोन-दोन मजली,
पुढाऱ्यांची नाकं लांबवलेली. रात्री जाळणार.
मी लिहिलं, आमच्याकडेही.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
पिवळी आमच्या जागनाथ बुधवारीतून, काळी इतवारीतून,
मागं बडगे: महागाईचा, खड्ड्यांचा, कुणाकुणाचा.
आणि सगळं शहर ओरडतं.
काय ओरडतं?
घेऊन जा गे मारबत.
यातल्या 'गे'चं इंग्रजी मला जमलं नाही.
खोकला, उधारी, गल्लीतली भांडणं,
सगळं ने बाई, एवढंच लिहिलं.
ती म्हणाली, आम्ही काही सांगत नाही. नुसतं जाळतो.

त्या रात्री स्कूटी बडकस चौकात ठेवली
आणि मान वर करून चालले, इतवारीपर्यंत.
"काहून वर पाहून राहिली वं?"
पानठेला आवरताना निनावेकाकांनी विचारलं.
सज्जा पाहून राहिली.

सत्तावीस वर्षं मी त्याच्याखालून गेले.
पोटाला लाकडी पोपट, चार.
तिसऱ्याला चोच नाही.
एसीचं पाणी गळून शेपट्या काळ्या,
मधे संक्रांतीचा अर्धा पतंग.
पावलांनी मोजलं: साडेसात.

काका ठेल्यातून उतरले. पहिल्यांदाच बहुतेक,
कारण कंबर धरून बराच वेळ पाहत राहिले.
"पाच होते," म्हणाले.
"एका साली मारबतीचा बासा लागला न. एक पडला.
पोट्टे मिरवणुकीतच घेऊन गेले त्याले."
मग स्वतःशीच हसले: "ओरडत तर होतो आपणच, घेऊन जा म्हणून."

पानाच्या पुड्याच्या कागदावर चार पोपट काढले.
पाचवा तुटक रेषेत, नसलेलं दाखवतात तसा.
काकांनी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला.
"चोच काढ याची," म्हणाले.
"याले होती."