सहा ओळींची जागा

बँकेच्या खिडकीतून अर्जाचं व्हाउचर घेतलं,
राखाडी पट्टा नाण्यानं खरवडला, खाली आकडे उगवले.
शियाच्या दोन पोती बिया भाजून, दळून,
कोपरापर्यंत हात घालून घुसळून काढलेलं लोणी
इतकी त्या आकड्यांची किंमत.
यंदा तरी होईल का, हे आईनं विचारलं नाही.
मागच्या वर्षी गणितानं घात केला होता,
त्याच्या आदल्या वर्षी तारखेनं.

तमालेत हरमाटान सुरू झालेला.
कॅफेतल्या कीबोर्डवर बोट ठेवलं की
अक्षराआधी धूळ उमटायची.
नाव, मेमुनातू याकुबू.
वय, तेवीस.
अभ्यासक्रम, बी.एस्सी. नर्सिंग.
आणि मग तो प्रश्न :
तुम्हाला परिचारिका का व्हायचं आहे?
उत्तराला सहा ओळींची जागा.

सगळ्या लिहितात तेच मीही लिहिलं.
सेवा. करुणा. देश.
खरं लिहायचं तर
मावशीला कळा सुटल्या त्या रात्री
मी दाराशी किटली धरून उभी होते, अकरा वर्षांची.
वीज गेलेली.
सिस्टर बावा टॉर्च दातांत धरून काम करत होत्या,
हात असे चालत होते
जसे अंधारात घरच्याच वाटेनं चाललेत.
पोर बाहेर आलं. त्यांनी टॉर्च तोंडातून काढला
आणि पहिला शब्द काढला तो ओरडून :
इतका वेळ कुठे होतात? मेल्यावर आणणार होतात?
मावशी रडली.
पोर बराच वेळ रडलं नाही.
मग रडलं.

मला ते हात हवे होते.
जीभ नको होती.
हे सहा ओळींत बसत नाही.

चार वर्षांतलं काय काय सांगू.
सरावाच्या पुतळ्याला एकच हात होता,
त्याच दंडात सत्तर जणींनी सुया टोचल्या.
गल्लीतल्या प्रत्येकाचा रक्तदाब मी मोजला,
शिंपी फुसेनींचा तर इतक्यांदा, की ते म्हणाले
आता तू जवळ आलीस तरी वाढतो.
पांढरे बूट रोज लाल व्हायचे, रोज पुसायचे.
दुसऱ्या वर्षाची फी भरताना आईचा शिलाईचा टेबल गेला,
मशीन राहिलं, जमिनीवर.

तिसऱ्या वर्षी येंडीला, रात्रपाळीत,
पहाटे तीनला तीनचाकी मोटार दाराशी थांबली.
मागच्या हौद्यात बाई. कळा सुरू होऊन दोन दिवस झालेले.
सोबत नवरा, सासू, एक बोकड सुद्धा, का ते कळलं नाही.
माझे हात चालले. चांगले चालले.
पोर आलं, रडलं,
आणि मला कुणाचा तरी आवाज ऐकू आला,
इतका वेळ कुठे होतात?
दगबानीत. तेच शब्द, तसेच चढत गेलेले.
खोलीत दुसरं कुणी बोलणारं नव्हतं.

सकाळी तिच्या खाटेशी लापशी घेऊन गेले.
माफी मागायची होती, जीभ उचलेना.
तिनं माझ्याकडे पाहिलं, पोर माझ्या हातात दिलं,
म्हणाली, धर जरा, मला मोरीत जायचंय.
लापशी निवली.
मी धरून उभी राहिले.

पदवीचा गाउन भाड्याचा, चारच्या आत परत करायचा.
फोटोत आई कॅमेऱ्याकडे नाही,
माझ्या बुटांकडे बघतेय.
परवान्याची परीक्षा झाली, नेमणूक अजून नाही.
तोवर शिया, तोवर फुसेनींचा रक्तदाब.

बाजारातून एक वस्तू मात्र घेऊन ठेवलीय,
कपाळाला पट्ट्यानं बांधायचा दिवा.
तोंड मोकळं राहावं म्हणून.
मोकळ्या तोंडानं पहिलं काय बोलायचं
ते रात्री, आरशासमोर, दिवा लावून
म्हणून बघते.